ठकीचे कूळ

आमच्या दौलताबादेत इतिहासाला काही तोटा नाही. अंगणात उभे राहिले की किल्ल्याचा डोंगर दिसतो, मान किंचित वळवली की चांद मिनार दिसतो. बाराव्या शतकाच्या अखेरीस यादव राजा भिल्लम याने येथे देवगिरीची राजधानी वसविली. १२९६ साली अल्लाउद्दीन खलजी येथूनच अगणित संपत्ती घेऊन उत्तरेकडे परतला. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने तर दिल्लीचे सारे बिऱ्हाडच इकडे हलविण्याचा घाट घातला. हे सारे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे, आणि मुले ते वर्षानुवर्षे पुसत आली आहेत. यंदा दिवाळी अंकासाठी काहीतरी इतिहासाचे लिहावे म्हणून कागद पुढे घेतला, तेव्हा या राजेरजवाड्यांपैकी एकही डोळ्यांपुढे उभा राहीना. उभी राहिली ती वीतभर उंचीची एक मातीची बाहुली, आणि तिच्यामागे तिच्याइतकेच अबोल असे एक गृहस्थ.

त्यांचे नाव मी सांगत नाही. ते हयात आहेत आणि त्यांना ते आवडायचे नाही. गावातली मुले त्यांना ‘कारकूनकाका’ म्हणतात, तेच आपणही म्हणू. छत्रपती संभाजीनगरातल्या एका सरकारी कचेरीत आवकजावक बारनिशी सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला. सकाळच्या एस.टी.ने जायचे, दिवेलागणीच्या एस.टी.ने परत यायचे. लग्न झाले नाही. का झाले नाही हे प्रथम कोणी विचारले नाही, आणि पुढे विचारण्याचे वय निघून गेले. आई होती तोवर घरात दोन माणसांचा स्वयंपाक होत असे. ती गेल्यावर एका माणसाचा होऊ लागला, एवढाच काय तो त्यांच्या आयुष्यातला मोठा फेरफार.

माझी त्यांची ओळख झाली ती मतदारयादीच्या निमित्ताने. हे काम आम्हा शिक्षकांच्या मागे लागलेलेच असते. एके संध्याकाळी यादी घेऊन त्यांच्या दाराशी गेलो, तो आतून बोलण्याचा आवाज आला. कोणी पाहुणे आले असतील असे वाटून मी परत फिरणार, इतक्यात तेच बाहेर आले.

“बसा, गुरुजी.”

आत पाहिले तर दुसरे कोणीही नाही. माझ्या चेहऱ्यावरचा प्रश्न त्यांनी ओळखला असावा. कोनाड्याकडे बोट दाखवून ते ओशाळे हसले.

“ठकीला आजचं सांगत होतो. सवय आहे.”

कोनाड्यात एक बाहुली होती. लाल मातीची, हात छातीशी घेतलेली, नाकाचा शेंडा उडालेला. अंगावर खणाच्या तुकड्याचे लुगडे होते आणि ते मागून बारीक टाक्यांनी शिवून टाकलेले होते. त्यांच्या आईचे माहेर पैठणजवळ, गोदाकाठी. त्या गावच्या पांढरीत आईला लहानपणी ही बाहुली सापडली होती. पांढर म्हणजे जुन्या वस्तीचे टेकाड. पहिला मोठा पाऊस झाला की तेथे खापराचे तुकडे, मणी, क्वचित एखादे नाणे उघडे पडते, आणि गावची पोरे ते वेचायला धावतात. आई बाहुली घेऊन घरी आली, पुढे लग्न होऊन आली तेव्हाही बाहुली ट्रंकेतून आली. नाव तिनेच ठेवले. आपल्याकडे जुन्या बायका कोणत्याही बाहुलीला ठकीच म्हणत.

मी यादीत एकच नाव लिहून घेतले आणि निघालो. पण मन त्या कोनाड्यात राहिले.

पुढे माझे तेथे जाणेयेणे वाढले. कारकूनकाका बोलके नव्हते, पण एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत, आणि ती आमच्या गावचीच होती. एकनाथमहाराजांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीचे किल्लेदार. आईबापांवाचून आजोबांनी वाढवलेले नाथ लहान वयातच पैठणाहून एकटे निघून त्यांच्यापाशी येथे आले, आणि गुरूंनी त्यांना हिशेबाच्या कामाला लावले, असे परंपरा सांगते. एकदा जमाखर्चात एका पैचा फरक येईना म्हणताना नाथ रात्रभर वह्या घेऊन बसले. पहाटेच्या सुमारास ती चूक सापडली, आणि त्या आनंदात त्यांनी टाळी वाजवली. टाळीने जनार्दनस्वामी जागे झाले. एका पैची चूक सापडल्याने एवढा आनंद होतो, तर जन्माची चूक सापडली तर केवढा होईल, अशा अर्थाचे काही ते बोलले, आणि शिष्याचा मार्ग बदलला.

कीर्तनकार ही गोष्ट चित्ताच्या एकाग्रतेसाठी सांगतात. मीही वर्गात तशीच सांगत असे. कारकूनकाका तिचा अर्थ वेगळा करीत.

“गुरुजी, बारनिशीत चूक सापडली की मलाही आनंद होतो हो. माझ्या हातून एवढ्या वर्षांत कागद गहाळ झाला नाही. पण नाथमहाराजांनी टाळी वाजवली तेव्हा ती ऐकायला जनार्दनस्वामी होते. मी टाळी वाजवली तर कोण ऐकणार?” मग कोनाड्याकडे पाहून म्हणत, “ही ऐकते.”

वाचकहो, त्या वेळी मला हे बोलणे थोडे हास्यास्पद वाटले, हे मी लपवीत नाही. माझे सारे लक्ष त्या बाहुलीच्या वयाकडे लागले होते. पैठणजवळची पांढर! सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान ती हीच. मातीची ही पोर दोन हजार वर्षांची तर नसेल? या एका कल्पनेने मी पछाडला गेलो आणि ठकीचे कूळ शोधू लागलो.

कूळ मोठे निघाले. महाभारतातच पाहा ना. विराटाच्या घरी बृहन्नडा होऊन नृत्यशिक्षकाची नोकरी करणारा अर्जुन कौरवांशी लढायला निघतो, तेव्हा राजकन्या उत्तरा आणि तिच्या मैत्रिणी त्याच्याकडे काय मागतात? राज्य नाही, रत्ने नाहीत. आमच्या बाहुल्यांसाठी कौरवांची तलम, रंगीत वस्त्रे घेऊन ये, एवढेच. आणि तो महावीर रणांगणात मूर्च्छित पडलेल्या योद्ध्यांची वस्त्रे आठवणीने उतरवून आणवितो. बाहुलीसाठी एवढा मोठा दरोडा दुसऱ्या कोणी घातला असेल असे वाटत नाही.

त्याहून जुनी साक्ष मातीत आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे १९६८ पासून पुढे कित्येक वर्षे उत्खनन चालले. तेथे तीन हजार वर्षांहून जुन्या एका घराच्या जमिनीखाली मातीची एक लंबगोल डबी सापडली. डबीला मातीचेच झाकण होते. आत शिर नसलेली एक स्त्रीमूर्ती निजविलेली होती, आणि वरच्या बाजूस दुसरी एक स्त्रीमूर्ती व एक बैल होता. मूर्ती भाजलेल्यासुद्धा नाहीत, नुसत्या कच्च्या मातीच्या. विद्वान म्हणतात, ही देवता असावी. असेल. पण जिने ती माती मळली, एवढीशी डबी केली, तिला बसते झाकण केले आणि आपल्या घराच्या पोटात ती जपून ठेवली, तिचे हात मला तरी भातुकली मांडणाऱ्या मुलीच्या हातांहून फार वेगळे वाटत नाहीत.

मग आपल्या मराठवाड्यातली दोन गावे पाहू, पैठण आणि तेर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली आहे. त्यात भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे अंतर दिले आहे. ते तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले आजचे तेर. या गावांतून गाड्या भरून माल भडोचला जाई आणि तेथून जहाजांनी रोमच्या बाजारात पोहोचे.

या दोन्ही गावांत मातीच्या बाहुल्या विपुल सापडल्या आहेत, आणि त्यांची घडण पाहण्यासारखी आहे. पांढऱ्या चिकणमातीचा, शाडूसारखा दिसणारा गाळ घेत. दोन साचे असत, एक पुढच्या अंगाचा, एक पाठीचा. दोन्हींत माती दाबून दोन अर्धुके काढायची, ती एकमेकांस चिकटवायची आणि मग भाजायची. बाहुली आतून पोकळ राही, वजनाला हलकी होई, आणि दोन्ही कुशींना सांध्याची एक बारीक रेघ उरे. साचा असल्यामुळे केसांची रचनासुद्धा उमटे. गजरे, बिंदी, कानांतले मोठे दागिने, सारे काही. सातवाहनकाळच्या स्त्रिया केस कसे बांधीत हे आज आपल्याला कळते, ते बरेचसे या बाहुल्यांमुळे.

या वस्तू वाचल्या कशा, हेही सांगितले पाहिजे. तेरला रामलिंगप्पा लामतुरे या गृहस्थांनी, पैठणला बाळासाहेब पाटलांनी, शेतात आणि पांढरीत उघड्या पडणाऱ्या चिजा वेचून आपल्या घरी सांभाळल्या. दोघांच्याही नावाची शासकीय वस्तुसंग्रहालये आज त्या त्या गावी उभी आहेत. लोक ज्याला खापर म्हणून पायाने उडवीत होते ते यांनी पदरात घेतले.

तेरच्या संग्रहालयात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे, आणि तिची थोरली बहीण पार इटलीत आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि पॉम्पेई नगर राखेखाली गाडले गेले. १९३८ साली तेथल्या एका घरात हस्तिदंताची एक हिंदी बाहुली सापडली. ठकीएवढीच, वीतभर उंचीची. अंगावर दागिने लगडलेले, दोन्ही बाजूंस दोन छोट्या दासी. डोक्यापासून खाली एक भोक आहे. त्यावरून ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या चौरंगाचा पाय असावा असे तर्क झाले. प्रथम तिला लक्ष्मी म्हटले गेले, आता बरेच अभ्यासक यक्षी म्हणतात. तळाशी खरोष्ठी लिपीतले अक्षर कोरलेले आहे, म्हणून काहीजण तिचे माहेर वायव्येकडे शोधतात. पण १९७३ साली आपल्या भोकरदनला उत्खनन झाले तेव्हा तिच्याशी जुळणारी हस्तिदंती कारागिरी तेथे मिळाली, आणि ही लेक भोकरदनची असावी असे म्हणणाऱ्यांचा पक्ष बळावला. भोकरदन म्हणजे जुने भोगवर्धन. तेथल्या लोकांनी दिलेल्या दानांचे लेख सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर आहेत. आज ती बाहुली नेपल्सच्या संग्रहालयात उभी आहे. सासर दूरचे पडले, एवढेच.

एवढे सारे डोक्यात भरून मी एका रविवारी कारकूनकाकांकडे गेलो आणि अधीरपणे बोलून बसलो.

“काका, तुमची ठकी सातवाहनांच्या काळातली असेल! ती अशी कोनाड्यात ठेवून चालायचे नाही. सरकारजमा करावी लागेल. कायदा आहे तसा.”

कायदा मला अर्धामुर्धाच ठाऊक होता. पण शिक्षकाच्या तोंडून अर्धवट ज्ञानही ठासून येते. त्यांनी काही वाद घातला नाही. जन्मभर सरकारी कागद हाताळलेला माणूस. ‘सरकार’ या शब्दापुढे वाद घालायचा असतो हेच त्यांना माहीत नव्हते. फक्त त्यांचा चहाचा पेला खाली ठेवताना बशीवर वाजला.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा कोनाडा रिकामा होता. मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. घरात बोलण्याचा आवाजही नव्हता. ते मला पूर्वीसारखेच ‘बसा, गुरुजी’ म्हणाले, पण स्वतः उभेच राहिले.

त्या आठवड्यात मुलांना घेऊन मी किल्ल्यावर गेलो होतो. चिनी महालापाशी आलो. निळ्यापांढऱ्या चिनी मातीच्या फरशांमुळे त्याला हे नाव पडले. आता त्यांचे काही तुकडेच भिंतीला धरून आहेत. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने येथे कैदेत ठेवले होते. १६८७ च्या सप्टेंबरात गोवळकोंडा पडला. पकडायला आलेल्या सरदारांसमोरही तानाशाहाने शांतपणे जेवण उरकले, असे खाफीखान लिहितो. त्यानंतरची सुमारे बारा वर्षे, मरेपर्यंत, त्याने या किल्ल्यात काढली. त्याची कबर जवळच खुलताबादला आहे.

मी हे नेहमीप्रमाणे सांगत होतो, तो एका मुलीने विचारले, “गुरुजी, बारा वर्षं एकटाच? मग त्याला करमत कसं होतं?”

इतकी वर्षे मी तानाशाहाच्या सनावळ्या शिकवल्या. त्याला करमत कसे होते, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी म्हणालो, “चला, ऊन होतंय.” पण तो प्रश्न मला चिनी महालापेक्षा एका रिकाम्या कोनाड्याविषयी विचारला गेला आहे असे वाटत राहिले.

त्या रात्री पूर्वी वाचलेली एक हकीकत आठवली. फ्रान्झ काफ्का नावाचा जर्मन भाषेत लिहिणारा एक मोठा लेखक होऊन गेला. तोही आमच्या काकांसारखा कचेरीतलाच माणूस. प्राग शहरातल्या कामगार अपघात विमा संस्थेत त्याने १९०८ पासून १९२२ पर्यंत नोकरी केली, आणि क्षयाने प्रकृती ढासळल्यावर ती सोडली. १९२३ साली तो बर्लिनला राहत असताना तेथल्या एका बागेत त्याला एक लहान मुलगी रडताना दिसली. तिची बाहुली हरवली होती. काफ्का म्हणाला, हरवली नाही, ती प्रवासाला गेली आहे आणि तिने मला पत्र पाठवले आहे. पत्र कोठे आहे? घरी राहिले, उद्या आणतो. घरी जाऊन तो खरोखरच पत्र लिहायला बसला. दुसऱ्या दिवशी त्याने ते मुलीला वाचून दाखवले. असे रोज एक पत्र, जवळजवळ तीन आठवडे. त्याची सहचारिणी डोरा डायमंट हिने ही आठवण सांगून ठेवली आहे. एखादे पुस्तक लिहावे त्याच निष्ठेने तो ही पत्रे लिहीत असे, असे ती म्हणते. शेवट कसा करावा याची त्याला फार काळजी पडली. अखेर त्याने काय केले असेल? त्या बाहुलीचे लग्न लावून दिले! आपल्याकडची कोणतीही मुलगी भातुकलीचा शेवट असाच करते. पुढच्या वर्षी ३ जून १९२४ रोजी काफ्का वारला. ती पत्रे आजवर कोणाला मिळालेली नाहीत.

क्षयाने खंगत चाललेला एक माणूस दुसऱ्याची हरवलेली बाहुली परत मिळवून देण्यासाठी रात्री जागवतो, आणि मी मात्र एका एकाकी माणसाच्या घरातली बाहुली तोंडच्या दोन शब्दांनी घालवून बसलो! शाळामास्तराला असा लाजेचा धडा क्वचितच मिळतो.

आणखी एक गोष्ट त्या रात्री ध्यानात आली. बुबुळाच्या मधल्या काळ्या बिंदूलाही आपण बाहुलीच म्हणतो. दुसऱ्याच्या डोळ्यांत जवळून पाहिले की तेथे आपलेच एवढेसे रूप दिसते, म्हणून हे नाव पडले असावे. लॅटिन भाषेतही त्या बिंदूचे नाव ‘छोटी मुलगी, बाहुली’ याच अर्थाच्या शब्दाने झाले आहे. इतक्या दूरदूरच्या माणसांना तीच उपमा सुचली. ज्याच्याकडे पाहणारे डोळे घरात नाहीत, त्याला ती डोळ्यातली बाहुली मिळत नाही. मग तो कोनाड्यात एक ठेवतो. संध्याकाळी दार उघडले की कोणीतरी आपल्याकडे पाहते आहे, आपली टाळी कोणीतरी ऐकते आहे, एवढेच त्याला हवे असते. याला पोरकटपणा म्हणायचे असेल तर म्हणावे. पुण्याच्या दिनकर केळकरांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. जुने दिवे, अडकित्ते, भांडी, वाद्ये वेचून त्यांनी जे अफाट संग्रहालय उभे केले त्याला नाव दिले ते त्या मुलाचे. राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहायला आज देशोदेशींचे लोक येतात. माणसे वस्तू जपतात तेव्हा बहुधा त्या वस्तूच्या आडून कोणा माणसालाच जपत असतात.

दुसऱ्या दिवशी मी काकांकडे गेलो आणि सरळ क्षमा मागितली. शहरात पुरातत्त्वाचे जाणकार असे एक वृद्ध गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. त्यांना एकदा विचारू, मग काय ते ठरवू, असे म्हणालो. काकांनी बराच वेळ उत्तर दिले नाही. मग आतल्या ट्रंकेतून टॉवेलात गुंडाळलेली ठकी बाहेर काढली.

“नियमात असेल तर द्यायलाच हवी,” ते म्हणाले. “मी नियमाबाहेर कधी गेलो नाही, गुरुजी.”

त्यांनी एका दिवसाची किरकोळ रजा टाकली. कचेरीत म्हणे साहेबांनी दोनदा अर्ज वाचून पाहिला. एस.टी.त ठकी त्यांच्या मांडीवर होती. भडकल दरवाजा येईपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही.

त्या वृद्ध गृहस्थांनी आधी माझीच कानउघाडणी केली. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू पुरावस्तू ठरतात, हे खरे. १९७२ चा कायदा १९७६ पासून अमलात आला, आणि मातीच्या मूर्तींसारख्या काही प्रकारांची नोंदणी करावी लागते, हेही खरे. पण नोंदणी म्हणजे जप्ती नव्हे. नोंदलेली वस्तू मालकापाशी राहू शकते, परवानगीवाचून परदेशी मात्र नेता येत नाही. जमिनीत धन सापडले तर त्याची वर्दी देण्याचा १८७८ चा कायदा निराळा. “तेव्हा मास्तर,” ते म्हणाले, “कायदा सांगायचा तर पुरता सांगावा.”

मग त्यांनी ठकी हातात घेतली. पाठीच्या शिवणीचे टाके पाहून ते थांबले आणि काकांकडे पाहिले. काका म्हणाले, “आईनं घातलेले आहेत. काढा तुम्ही.” म्हाताऱ्याने सगळे टाके काढले नाहीत. सुईच्या टोकाने दोनच सैल केले आणि खण किंचित वर सारून भिंग लावले. मीही वाकून पाहत होतो. कुशीला सांध्याची रेघ कोठे नव्हती. अंग चाकावर काढलेले होते, वर्तुळाकार रेघा स्पष्ट होत्या. हात मागाहून चिकटवलेले, नाक चिमटीने काढलेले. आणि खणाखाली, जेथे ऊन लागले नव्हते तेथे, हिरव्या रंगाचा एक कपचा चिकटून होता. बाजारात डब्यात मिळतो तो तैलरंग.

“कुंभाराचे काम आहे,” ते म्हणाले. “ऐंशी-नव्वद वर्षांपलीकडचे नाही. जत्रेत कोणी घेतली असेल, कोणा पोरीच्या हातून पांढरीत पडली असेल. सातवाहनांचा हिच्याशी संबंध नाही. संग्रहालयाला हिचा काही उपयोग नाही.”

माझे तोंड उतरले. दोन हजार वर्षे एका हिरव्या कपच्याने पुसून टाकली होती. मी काकांकडे वळलो, काही सांत्वनाचे बोलावे म्हणून.

ते हसत होते. इतक्या दिवसांत मी त्यांना असे हसताना पाहिले नव्हते. “म्हणजे ही कुणालाच नको?” त्यांनी विचारले.

“कोणालाच नको.”

आणि त्या अबोल माणसाने, परक्याच्या घरी, खुर्चीवर बसल्या बसल्या एक टाळी वाजवली. आतून त्या गृहस्थांच्या सूनबाई बाहेर येऊन पाहू लागल्या. आम्ही सगळ्यांनी ती ऐकली होती.

ही गोष्ट गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातली. ठकी पुन्हा कोनाड्यात गेली. सैल केलेले दोन टाके काकांनी स्वतः घातले. ते आईच्या टाक्यांहून मोठे आणि वाकडे आहेत.

पुढे दिवाळी आली. आपल्याकडे मुले मातीचे किल्ले करतात. बहुधा सिंहगड किंवा प्रतापगड होतो. गेल्या वर्षी आमच्या मुलांनी दौलताबादच करायचा ठरवला. खंदक खणला, त्यात पाणी सोडले. किल्ल्यातल्या अंधाऱ्या भुयारासाठी जुन्या नळाचा तुकडा पुरला. खोक्याला निळा कागद लावून चिनी महाल झाला. मग ती चिनी महालापाशी प्रश्न विचारणारी मुलगी माझ्याकडे आली.

“गुरुजी, तानाशाहाला सोबत पाहिजे. कारकूनकाकांकडे बाहुली आहे ना?”

मी म्हणालो, मी विचारणार नाही, तूच विचार. ती तिघीचौघींना घेऊन गेली. काका काय म्हणाले ते मला ठाऊक नाही, पण वसुबारसेच्या संध्याकाळी ते स्वतः टॉवेलात गुंडाळलेली ठकी घेऊन आले. ती चिनी महालात मावेना. मुलांच्या चांद मिनारापेक्षाही तीच उंच! अखेर महालाच्या दाराशी तिला उभी केली. मावळे, वाघ, भाजीवाली आणि शिपाई यांच्यामध्ये खणाचे लुगडे नेसलेली ती थोरल्या जावेसारखी दिसू लागली.

पुढचे सगळे दिवस एस.टी.तून उतरले की काका घरी न जाता आधी किल्ल्यापाशी येत. सुरुवातीला ते ठकी धड आहे ना, तेवढे पाहून जात. मग पणत्यांत तेल घालू लागले. मग मुलांच्या आया फराळाची ताटली बाहेर पाठवू लागल्या. पाडव्याच्या दिवशी पाहतो तो ते मातीच्या तटाशी उकिडवे बसून मुलांना नाथमहाराजांच्या एका पैची गोष्ट सांगत होते. टाळीपाशी येताच पंधरा-वीस मुलांनी एकदम टाळ्या वाजवल्या.

भाऊबीजेच्या रात्री किल्ला मोडायच्या आधी त्यांनी ठकीला अलगद उचलले, टॉवेलाने तिच्या पायांची माती पुसली आणि घरी निघाले. मीही बरोबर होतो. दार उघडून त्यांनी दिवा लावला, तिला कोनाड्यात ठेवली आणि सवयीने क्षणभर तिच्यासमोर उभे राहिले. पण बोलले काही नाहीत. त्या रात्री तिला वेगळे सांगण्यासारखे काही उरले नव्हते. सारे तिच्या देखतच झाले होते.